कमरेला हलके, हाताला जड : आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर निवडताना

गोव्यातल्या साखळी गावात एका शेटांच्या सोन्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसलो होतो. त्यांना नुकताच शस्त्रपरवाना मिळाला होता आणि कुठले रिव्हॉल्व्हर घ्यावे हे विचारायला त्यांनी मला बोलावले होते. टेबलावर दोन माहितीपत्रके होती. एक ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरचे, दुसरे ७०० ग्रॅमच्या. शेटांनी तराजू पुढे ओढला, आधी ५००चे वजन ठेवले, मग शेजारी २००चे. म्हणाले, "भाई, हा फरक सतरा तोळ्यांचा आहे. सतरा तोळे दिवसभर कमरेला बांधून कशाला फिरायचे? हलके तेच बरे ना?"

प्रश्न रास्त होता. माणूस सोन्यात मुरलेला, त्याला वजनाचा अर्थ कळतो. तरीही मी त्यांना थांबवले. सोन्यात वजन कमी केले तर किंमत कमी होते. रिव्हॉल्व्हरमध्ये वजन कमी केले तर किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजावी लागते, आणि ती तळहात मोजतो. तो हिशोब इथे शक्य तितक्या साध्या भाषेत मांडतो. कारण परवाना हातात आल्यावर बहुतेक जण सगळ्यात छोटे आणि सगळ्यात हलके काय आहे एवढेच विचारतात.

आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरला 'नकटे' म्हणतात, ते आधी पाहू. रिव्हॉल्व्हरची नळी साधारण ४ इंच असते. ती २ इंचांवर आणली की पुढचा भाग नकट्या नाकासारखा दिसतो. ही कल्पना अमेरिकेत रुजली. कोल्ट कंपनीने १९२७ साली 'डिटेक्टिव्ह स्पेशल' बाजारात आणले. सहा गोळ्यांचे, २ इंची नळीचे आणि कोटाखाली मावणारे. १९५० साली स्मिथ अँड वेसनने 'चीफ्स स्पेशल' काढले. त्यात सहाऐवजी पाचच गोळ्या ठेवल्या. एक गोळी कमी केल्याने सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात तो फिरता गोल भाग, बारीक झाला आणि सगळे हत्यारच सडपातळ झाले. पोलादी असूनही त्याचे वजन ५५० ग्रॅमच्या आसपास होते. पुढे सांगाड्यासाठी अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आला आणि तेच हत्यार ४१० ग्रॅमपर्यंत उतरले. २००० नंतर स्कँडियम मिसळलेला अॅल्युमिनियम आणि टायटॅनियमचा सिलिंडर वापरून ते ३३० ग्रॅमवर आणले. २००९मध्ये रुगर कंपनीने तर मुठीकडचा भाग पॉलिमरचा केला.

या हलकेपणाच्या शर्यतीत एक जुनी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९५०च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी सांगाडा आणि सिलिंडर दोन्ही अॅल्युमिनियमचे असलेली रिव्हॉल्व्हर घेतली. सांगाड्याने साथ दिली, सिलिंडरने दिली नाही. गोळी फुटते तेव्हा सगळा दाब सिलिंडरच्या भिंतीवर येतो आणि त्या भिंतींना तो पेलवेना. त्यांच्यासाठी मुद्दाम कमी दाबाचे काडतूस बनवले, तरी शेवटी ती रिव्हॉल्व्हर मागे घेतली गेली आणि बहुतेक मोडीत काढली. तेव्हापासून शहाणे कारखाने सांगाडा हलका करतात, पण सिलिंडर पोलादाचा किंवा टायटॅनियमचाच ठेवतात. तुमच्या समोर कोणी 'पूर्ण अॅल्युमिनियमचे' असे काही ठेवले, तर ही गोष्ट आठवा.

होडी आणि फेरीबोट

आता गोळी सुटताना हाताला बसणाऱ्या धक्क्याचे गणित. आपल्याकडे नदीकाठच्या पोराला हे शाळेआधीच कळते. छोट्या होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. कधी इतकी सरकते की माणूस पाण्यातच पडतो. फेरीबोटीतून तीच उडी मारा, बोट जागची हलत नाही. उडी तीच, माणूस तोच, पायाखालचे वजन वेगळे. गोळी म्हणजे उडी मारणारा माणूस आणि रिव्हॉल्व्हर म्हणजे होडी.

आकड्यांत बोलू. गोळी पुढे जाताना जेवढा संवेग (वजन गुणिले वेग) घेऊन जाते तेवढाच संवेग हत्याराला मागे मिळतो. संवेग तेवढाच ठेवून हत्याराचे वजन निम्मे केले, तर त्याचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि तळहातावर आदळणारी ऊर्जाही दुप्पट होते. आपल्याकडच्या .३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप, इंचात) काडतुसाची गोळी ६.३ ग्रॅमच्या आसपास असते आणि ती सेकंदाला साधारण २१५ मीटर वेगाने निघते. दारूच्या वायूंचा थोडा वाटा धरून मी हिशोब केला. ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याची ऊर्जा दीड ज्यूलच्या आतबाहेर येते, ५०० ग्रॅमच्यात २ ज्यूल. अमेरिकेतले .३८ स्पेशल काडतूस ४१० ग्रॅमच्या नकट्यात घातले तर ८ ज्यूल. आणि ३३० ग्रॅमच्या हत्यारात .३५७ मॅग्नम हे त्याहून जोरदार काडतूस घातले तर २० ज्यूलच्या वर.

ज्यूल म्हणजे काय हे हाताला कळायला हवे. १ किलो साखरेचे पुडके २० सेंटीमीटरवरून तळहातावर सोडा, ते २ ज्यूल. तेच पुडके ८० सेंटीमीटरवरून सोडा, ते ८ ज्यूल. दोन मीटरवरून सोडले तर २० ज्यूल, आणि तेही अंगठ्याच्या मुळाशी, चिंचोळ्या मुठीतून. पहिली गोळी माणूस सहन करतो. पण दुसऱ्या गोळीच्या आधी डोळे मिटायला लागतात, मनगट आधीच आवळते आणि नळी खाली झुकते. अमेरिकेत अगदी हलकी मॅग्नम विकत घेणारे कितीतरी लोक सरावाला साधे .३८च वापरतात, ते याच कारणाने.

अति हलक्या हत्याराचा आणखी एक दोष आहे आणि तो ऐकून शेट चकित झाले. हत्यार झटक्याने मागे येते तेव्हा सिलिंडरमधल्या न झाडलेल्या काडतुसांची टरफलेही त्याबरोबर मागे खेचली जातात, पण आतली गोळी जडत्वामुळे जागीच राहू पाहते. टरफलाची पकड सैल असेल तर गोळी हळूहळू टरफलातून पुढे सरकते आणि शेवटी सिलिंडरबाहेर डोकावते. मग सिलिंडर फिरत नाही आणि हत्यार ऐन वेळी अडकते. आपल्या .३२च्या सौम्य धक्क्यात हे क्वचितच घडेल. तरी रेंजवर तपासायला काय हरकत आहे? एक काडतूस शेवटपर्यंत न झाडता ठेवा, बाकीची पाच झाडा आणि त्या उरलेल्या काडतुसाची लांबी आधीच्या मोजमापाशी ताडून पाहा.

खरा अडथळा चापाचा आहे

धक्क्याबद्दल सगळे बोलतात, चापाबद्दल, म्हणजे बोटाने दाबायच्या कळीबद्दल, फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते निवडीचा निकाल चापावरच लागायला हवा.

रिव्हॉल्व्हर दोन तऱ्हांनी चालते. अंगठ्याने घोडा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आघात करणारा मागचा हातोडा, मागे ओढून ठेवला तर चाप अगदी हलका लागतो, दीड-दोन किलोचा. घोडा न ओढता सरळ चाप दाबला तर तोच चाप सिलिंडर फिरवतो, घोडा मागे नेतो आणि सोडतो. या कामाला साधारण साडेचार ते साडेपाच किलोची ओढ लागते. संकटात घोडा ओढत बसायला वेळ नसतो, शिवाय चढवलेला घोडा थरथरत्या हातात धोकादायक असतो. त्यामुळे विचार करायचा तो या दुसऱ्या पद्धतीचाच.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. हत्यार अर्धा किलोचे आणि चाप पाच किलोचा. म्हणजे हत्याराच्या दहापट जोर एका बोटाने लावायचा आणि तो लावताना हत्यार तसूभरही हलू द्यायचे नाही. जड हत्यार स्वतःच्या वजनाने स्थिर राहते, हलके राहत नाही. हलके हत्यार बायकांसाठी चांगले असे दुकानात हमखास सांगतात, ते मला म्हणूनच पटत नाही. ज्या हाताची पकड लहान आहे त्याला चापाचा जोर आधीच जास्त वाटतो. त्यात हलके हत्यार दिले की डगमग आणखी वाढते. बाई असो की बाप्या, हाताचे माप घ्या. मूठ धरल्यावर करंगळी हवेत लोंबकळत असेल, किंवा तर्जनीचे पहिले पेर चापावर नीट पोहोचत नसेल, तर ते हत्यार तुमचे नव्हे, मग ते कितीही सुबक असो.

याची परीक्षा सोपी आहे. परवानाधारक विक्रेत्याच्या समोर आणि त्याच्या परवानगीने करा. सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी आहेत हे दोघांनी पाहायचे. नळी सुरक्षित दिशेला. समोरच्या माशीमागे (नळीच्या टोकाशी नेम धरायचा उंचवटा असतो, त्यामागे) नळीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि घोडा न चढवता चाप शेवटपर्यंत दाबायचा. नाणे पडले की कळते, नळी किती हलली. शेटांचे नाणे ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरवर दहापैकी सात वेळा पडले, ७००च्यावर तीन वेळा. तराजूने जे लपवले होते ते नाण्याने दाखवले.

आखूड नळीचा दुसरा परिणाम नेमावर होतो. समोरची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी, म्हणजे चुकीला माफी कमी. दोघांत १० सेंटीमीटर अंतर असेल आणि माशी १ मिलिमीटर सरकली, तर ७ मीटरवर गोळी ७ सेंटीमीटर बाजूला जाते. अंतर १५ सेंटीमीटर असेल तर साडेचार-पाच सेंटीमीटर. नकटे रिव्हॉल्व्हर नेमबाजीत कमी पडते असे नाही. हत्यार स्वतः नेमकेच असते, पण माणसाची लहानशी चूक ते मोठी करून दाखवते.

आपल्याकडे मिळते काय

अमेरिकेतली वर्णने वाचून आपला माणूस दुकानात जातो आणि निराश होतो. भारतात सामान्य परवान्यावर .३८ आणि ९ मिमी बोअरची हत्यारे मिळत नाहीत. ती प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. परदेशी नवी हत्यारे सामान्य माणसाला आयात करता येत नाहीत. जुनी परदेशी रिव्हॉल्व्हर हातोहात विकली जातात आणि त्यांच्या किमती ऐकून छाती दडपते. तेव्हा प्रत्यक्षात निवड .३२ आणि .२२ यांतच होते.

.३२मध्ये कानपूरची रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे चालत आली आहेत. त्यांचा घाट जुन्या वेब्लीचा. वरची खिटी दाबली की नळी पुढे झुकते आणि सगळी टरफले एकदम बाहेर पडतात. ३ इंची नळी, सहा गोळ्या, वजन पाऊण किलोच्या आसपास. याच घाटाला टायटॅनियमच्या मिश्रधातूत घडवून जानेवारी २०१४मध्ये 'निर्भीक' आले. दिल्लीतल्या २०१२च्या घटनेनंतर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याची खूप चर्चा झाली. वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. ऑगस्ट २०२३मध्ये कानपूरच्याच अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने 'प्रबल' आणले. ७०० ग्रॅमचे, ७६ मिलिमीटर नळीचे, पण याचा सिलिंडर बाजूला उघडतो. हा फरक मला मोलाचा वाटतो. मधोमध मोडणाऱ्या घाटात सगळी मदार वरच्या खिटीवर असते आणि वर्षांनुवर्षांच्या वापराने ती ढिली होऊ शकते. बाजूला उघडणाऱ्यात सांगाडा अखंड राहतो. इशापूरच्या कारखान्याचे .२२चे 'निडर' तर २५० ग्रॅमचे आहे. पण .२२ काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे काडतूस न फुटण्याचा धोका मधोमध टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त. जीव वाचवण्यासाठी घ्यायचे असेल तर मी ते घेणार नाही.

बघा, आपल्याकडे खरे २ इंची नकटे जवळपास नाहीच. आपले आखूड म्हणजे ३ इंची. मला यात तोटा दिसत नाही. एक इंच नळी जास्त म्हणजे नेम बरा, आगीचा झोत थोडा कमी, आणि लपवण्यात फारसा फरक नाही. कारण कपड्याबाहेर उठून दिसते ती नळी नसते, मूठ आणि सिलिंडर असतात.

'.३२ म्हणजे खेळणे' हे वाक्य परवानाधारकांच्या गप्पांत नेहमी कानावर येते. ते मला मान्य नाही. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६पासून आहे. जोर बेताचा, हे खरे; .३८च्या निम्म्याच्या आसपास. पण नेमकेपणा असा की २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धेत जगभरचे नेमबाज हेच काडतूस वापरतात. जसपाल राणा यांनी २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ६००पैकी ५९० गुण मिळवून सुवर्णपदक घेतले आणि विश्वविक्रमाची बरोबरी केली. नेम बसला तर काडतूस पुरेसे आहे, आणि सौम्य धक्क्यामुळे नेम बसवणे शिकता येते. काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलीच मिळतात. डबीवरची तारीख पाहून घ्या. जुनी, हिरवट पडलेली घेऊ नका.

लपवणे हा शौक नाही, नियम आहे

अमेरिकेत हत्यार लपवून बाळगायचे की उघड्यावर, यावर राज्याराज्यांत वेगळे कायदे आहेत. आपल्याकडे हा प्रश्नच नाही. शस्त्र नियम २०१६ सांगतात की सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात) किंवा पिशवीसारख्या आवरणात हवे, पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. मिरवण्याला बंदी. तेव्हा मूठ शर्टाबाहेर ठेवून बाजारात फिरणारा माणूस रुबाब करत नसतो, नियम मोडत असतो. आनंदाच्या भरात हवेत बार काढला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

गोव्यात झाकणे हे वेगळेच काम आहे. अमेरिकेतला माणूस जाकीट घालतो. आपण मे महिन्यात पातळ अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो आणि तोही घामाने पाठीला चिकटतो. त्यात आपले निम्मे आयुष्य स्कूटरवर जाते. वाऱ्याने शर्ट मागून वर उडतो आणि मागच्या गाडीवाल्याला सगळे दिसते. होल्स्टर पाठीच्या कण्यावर तर अजिबात नको. निसरड्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि पाठीवर पडलात, तर ते पोलाद मणक्यात रुतेल. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कमरेला, हाडाच्या किंचित मागे, विजारीच्या आत घ्यावे. शर्ट बाहेर सोडलेला, खालच्या कडेला जरा जड कापडाचा. पट्टा रुंद आणि ताठ हवा. बारीक, मऊ पट्ट्यावर ५०० ग्रॅमचे हत्यारही लोंबते आणि रुंद पट्ट्यावर ७०० ग्रॅमचे विसरायला होते. शेटांच्या सतरा तोळ्यांचे उत्तर इथे होते. त्यांना वजन नको होते असे नाही, वजन टोचायला नको होते. ते काम पट्टा आणि होल्स्टर करतात.

होल्स्टरने चाप पूर्ण झाकलाच पाहिजे. एवढी एकच अट मी कधी सोडत नाही. खिशात ठेवायचे तर खिशाचे स्वतंत्र होल्स्टर हवे आणि त्या खिशात दुसरे काहीही नको, ना किल्ली, ना सुटे पैसे. नुसते खिशात टाकलेले रिव्हॉल्व्हर मला भीतिदायक वाटते. स्कूटरच्या डिकीत तर कधीच नाही. डिकी स्क्रू-ड्रायव्हरने उघडते, आणि तिथे ठेवलेल्या हत्यारावर तुमचा ताबा उरत नाही. बायकांच्या पर्सबद्दलही तेच. पर्स हिसकावली की हत्यारही गेले.

उघड्या घोड्याचे शेपटीसारखे टोक शर्टात अडकते. परदेशात झाकलेल्या घोड्याची नकटी याचसाठी निघाली. आपल्याकडे घोडा उघडाच असतो, म्हणून हत्यार काढताना अंगठा घोड्यावर ठेवण्याची सवय रिकाम्या रिव्हॉल्व्हरने लावून घ्यावी. रबरी मूठ हाताला सुखाची, पण कापड धरून ठेवते. लाकडी मूठ कापडावरून सहज सरकते. मी लाकडी पसंत करतो.

घाम, खारा वारा आणि चार महिने पाऊस

पोलादावरचा काळा-निळा रंग हा रंग नसतो. लोखंडाच्याच ऑक्साइडचा तो पातळ थर असतो. त्यावर रोज घाम लागला की गोव्यात आठवड्याभरात तांबूस ठिपके येतात. दर पावसाळ्यात १०० इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भागात कपाटातल्या चामड्यालाही बुरशी धरते, हे कोणाला सांगायला नको. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार रात्रभर ठेवले तर चामडे ओलावा धरते, पोलाद गंजते आणि पितळी टरफलांवर हिरवी साय येते. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी हीच चूक केली होती. जुलैत सिलिंडरच्या बाजूला बोटाएवढा गंजाचा पट्टा आला आणि त्याची खूण अजून गेलेली नाही.

टायटॅनियम गंजत नाही, हा त्याचा मोठा गुण. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने हलकेपणापेक्षा या गुणासाठी त्याचा विचार करावा. पण सांगाडा टायटॅनियमचा असला तरी आतल्या कमानी, खिळे आणि बहुधा नळीही पोलादीच असते. म्हणून रोज रात्री हत्यार होल्स्टरमधून काढून, रिकामे करून, तेलाच्या फडक्याने पुसायचे. पातळ तेल, नावाला. काडतुसांच्या बुडाशी तेल झिरपले तर मसाला मरतो, म्हणून सिलिंडरची घरे कोरडी. तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. घरात मुले असतील तर हत्यार कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात.

कागद आणि हद्द

कागदपत्रे लवकर उरकतो, कारण ती परवाना देणारी कचेरी सांगतेच. गोव्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. परवाना आधी, हत्यार नंतर. मुदत पाच वर्षे. एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, हे २०१९पासून. आमच्यासारख्या सत्तरी तालुक्यातल्या घरांत पिकाच्या राखणीची एकनळी आधीच असते, तिचीही त्यात मोजदाद होते. वडिलोपार्जित बंदुका असणाऱ्यांनी नवे रिव्हॉल्व्हर घेण्याआधी हा हिशोब करावा.

परवान्यावरची हद्द मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. ती गोव्यापुरती असेल तर पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला जेवायला गेलात तरी बेकायदा हत्यार बाळगल्यासारखे होते. आपल्याकडे सासरे सावंतवाडीला, मावशी दोडामार्गला, सीमा कधी ओलांडली हे ध्यानातही येत नाही. परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शाळा-कॉलेजचे आवार इथे हत्यार नेण्याला मनाई असते. म्हणजे शिगम्याला, काल्याला, गावच्या जत्रेला हत्यार घरी, कुलपात. निवडणूक लागली की तपासणी समिती सांगेल त्या परवानाधारकांनी हत्यार जमा करायचे असते. आणि दारूचा एक घोट जरी घेणार असाल तर त्या दिवशी रिव्हॉल्व्हर तिजोरीतून बाहेर काढूच नका. गोव्यात ही गोष्ट मला पुन्हापुन्हा सांगावी लागते आणि मी ती सांगत राहीन.

हत्यार चालवण्याचा हक्कही मोकाट नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. त्यातले ३७वे सांगते की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. ३८वे सांगते की समोरच्याचा जीव जाईल इतका बचाव कोणत्या प्रसंगी क्षम्य आहे. दुकानाची काच फोडून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणे त्यात बसत नाही. शेटांना मी ती दोन कलमे मराठीत वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही रेंजवर गेलो. कानाला संरक्षण, डोळ्यांना चष्मा. आखूड नळीचा बार उघड्या कानाने एकदा ऐकला तरी कायमचा बधिरपणा येऊ शकतो. शेटांनी ओळखीच्या दोन परवानाधारकांच्या हत्यारांनी, त्यांच्या आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, बारा-बारा गोळ्या झाडल्या. अंतर ७ मीटर. ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरच्या बारापैकी पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसल्या, ७००च्यावर नऊ. धक्क्याची तक्रार त्यांनी दोन्ही वेळा केली नाही. तक्रार केली ती बोटाची. "पहिल्याचा चाप दाबताना हत्यारच बोटाबरोबर येते," म्हणाले.

त्यांनी ७०० ग्रॅमचे घेतले. पट्टा मात्र दुकानातला न घेता गावच्या चांभाराकडून दीड इंच रुंदीचा, दुहेरी चामड्याचा शिवून घेतला. पंधरा दिवसांनी फोन आला तेव्हा पहिला प्रश्न वजनाचा नव्हता, पावसाचा होता : "भाई, सिलिका जेल कितक्या दिवसांनी बदलू?"